निळा बेडूक कोणी उघडला होता

बागवाल्याचा लाल बेडूक तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मिस्त्रीने मान वर करून पाहिलंच नाही. तो फडक्याला हात पुसत राहिला. हात आधीच कोरडे होते.

बेडूक म्हणजे एटीव्ही. चार फुगीर टायर, वर हँडल, घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि चिखल असो की दगडगोटे, उड्या मारत जायचं. कंपनीने नाव काहीही ठेवलेलं असो, मिस्त्रीने पहिल्या दिवशी बेडूक म्हटलं आणि पुढे सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. टेकडीवरच्या फळबागेत असे दोन बेडूक होते, एक लाल आणि एक निळा. मागे छोटी ट्रॉली लावून फळांचे क्रेट खाली आणायचे. आले तेव्हापासून दोन्ही मिस्त्रीच्याच हातचे.

बागवाला मवाळ माणूस. त्याने आधी हवापाण्याचं बोलून घेतलं, मिस्त्री वेळेवर जेवतो का ते विचारलं, आणि मग खाली बघत सांगितलं की गाडी अजून तशीच आहे. काळा धूर ओकते, चढाला गुदमरते आणि पेट्रोल तर नुसती ढोसते. मिस्त्री म्हणाला, ठेवा. बागवाला गाडी ठेवून पायीच निघाला. फाटकापाशी एकदा थांबला, काही बोलायचं राहिल्यासारखा, आणि परत चालू लागला.

बायको जाऊन चार महिने झाले होते. पहिले दोन महिने दुकानाचं शटर वर गेलंच नव्हतं. गेलं तेव्हा पहिली गाडी हीच आली आणि हीच मानगुटीवर बसली. बत्तीस वर्षांत एकच गाडी तीनदा परत आली असं झालं नव्हतं. दुःखात माणसाचा हात चुकतो, लोक समजून घेतात, हे मिस्त्रीला कळत होतं. पण ते समजून घेणंच त्याला नको होतं. त्याच्याकडे आता एवढंच उरलं होतं, की बिघडलेली गाडी येते आणि बरी होऊन जाते. तेही गेलं तर सकाळी उठून करायचं काय?

दुखणं कोणतं ते सरळ होतं. इंजिनाला पेट्रोल आणि हवा एकत्र लागतात, ते मिश्रण करून देतो कार्ब्युरेटर. पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली की अर्धं पेट्रोल नीट न जळता काजळी होतं. मिस्त्रीने इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढला. काळाकुट्ट, बोट लावलं तर बोट काळं. आता पेट्रोल जास्त कुठून येतंय ते शोधायचं. हवेचा फिल्टर आधी दोनदा धुतला होता, तो तिसऱ्यांदा धुतला. मग चोक. गाडी थंड असताना सुरू करायला ओढतात तो. त्याची दट्टी आत नीट बसली नाही तर दिवसभर पेट्रोल जादा जात राहतं. दट्टी लोण्यासारखी सरकत होती. मग कार्ब्युरेटर उतरवून त्याची खालची वाटी उघडली. आतला फ्लोट पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखाच असतो, पेट्रोल पुरेसं झालं की वर येतो आणि सुई सरकवून वाट बंद करतो. फ्लोटची उंची पट्टीने मोजली, बरोबर. सुईचं टोक भिंगातून पाहिलं, कोरं. सगळं जिथल्या तिथे आणि गाडी मात्र आजारी. डॉक्टरने सगळे रिपोर्ट चांगले आलेत म्हणावं आणि माणूस डोळ्यादेखत झिजत जावा, तसं.

मग त्याने सगळं जोडलं, गाडी सुरू केली आणि आपली नेहमीची रीत धरली. या रीतीवरच तर त्याचं नाव चालत होतं. सायलेन्सरपाशी उकिडवं बसायचं, डोळे मिटायचे आणि लांब स्क्रूड्रायव्हरने मिश्रणाचा स्क्रू हळूहळू उघडत जायचा. उघडेल तसं पेट्रोल वाढतं. धुराचा वास नाकाला जरासा बोचला की थांबायचं आणि अर्धा फेरा मागे यायचं. झालं काम. ना मीटर, ना पुस्तक. लोक ‘नाकवाला मिस्त्री कुठे बसतो’ असं विचारत यायचे. बायकोचा धाकटा भाऊ नऊ वर्षं त्याच्याच हाताखाली शिकला. तो बापडा दर वेळी प्लग काढून त्याचा रंग बघत बसायचा. मिस्त्री त्याला म्हणायचा, शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे रे, पण तू तर शीत न् शीत मोजतोस.

आजही तो उकिडवा बसला. एक फेरा, दोन फेरे. बोच काही येईना. वारा उलटा असेल म्हणून तो दुसऱ्या बाजूला सरकला. तिसऱ्या फेऱ्याला त्याला वाटलं, हां, आला. अर्धा फेरा मागे घेतला. गाडी भकभक करायला लागली आणि पांढऱ्या भिंतीवर धुराचा काळा पट्टा उठला.

आता एकच गोष्ट राहिली होती. तब्येतीने चांगली असलेली जुळी गाडी उघडायची आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून फरक शोधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेकडीवर गेला आणि निळा बेडूक मागून घेतला. वर्षापूर्वी त्याने तो दुरुस्त केला होता, तेव्हापासून एकदाही कुरकुर नव्हती. बागवाला द्यायला का कू करत होता. चांगल्या गाडीला कशाला हात लावता, म्हणाला. मिस्त्रीला वाटलं, याचा माझ्यावरचा विश्वास उडाला. तो गाडी घेऊन आला. येताना इंजिन असं चाललं होतं, की कोणी गुणगुणतंय.

कार्ब्युरेटर उतरवून त्याने उजेडात धरला. वाटीच्या एका स्क्रूवर, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा कार्ब्युरेटरच्या अंगावर, डाळिंबी नेलपॉलिशचा एक जाड थेंब होता.

ते त्याच्या घरचं सील. मध्ये दुसऱ्या कोणी हात घातला तर थेंब तडकतो आणि कळतं. ही युक्ती बायकोचीच. तिच्याकडे ती बाटली असायची. नखांना तिने कधी लावलेली मिस्त्रीने पाहिली नाही, स्क्रूंना मात्र हौसेने लावायची. गाड्या पोचवायला तीच जायची. बेडूक चालवायला तिला भारी आवडायचं, ओढणी कमरेला करकचून बांधून टेकडीचा रस्ता धरायची. परत यायला उशीर झाला तर म्हणायची, वाटेत भावाकडे डोकावले.

थेंब अखंड होता. मिस्त्रीने तो नखाने खरवडला, वाटी उघडली आणि थांबला.

वाटीच्या कडेला जी पातळ गॅस्केट असते तिला कोणीतरी ग्रीसचं बोट फिरवलं होतं. मिस्त्री गॅस्केटला जन्मात ग्रीस लावत नसे. पेट्रोलमध्ये उतरते म्हणून. त्यावरून तो एकाच माणसाला नऊ वर्षं बोल लावत आला होता.

त्याने मधला जेट काढला. पेट्रोल वर जायचं ते भोक असलेला पितळी खिळा म्हणा. त्यावर आकडा कोरलेला असतो. मिस्त्रीने गेल्या वर्षी एकशे पंचवीसचा बसवला होता. पक्कं आठवत होतं, कारण डब्यात तेवढा एकच शिल्लक होता. हातातल्या जेटवर होतं एकशे अठरा. म्हणजे बारीक भोक, पेट्रोल कमी. जेटमध्ये वरखाली होणारी दुसरी लांब सुई असते, तिची क्लिपसुद्धा एक खाच वर, म्हणजे पेट्रोल आणखी कमी. त्याने केलेलं एकही काम त्या कार्ब्युरेटरमध्ये उरलं नव्हतं. बाहेरून सील मात्र घरचं.

सील फोडून कोणी उघडलं असतं तर मिस्त्रीने बागवाल्याची गचांडी धरली असती. पण थेंब एकच होता, त्याच्याखाली दुसरा नव्हता. म्हणजे आधी मेहुण्याने काम केलं, मग बायकोने बाटली उघडली.

तो तसाच उठला. शटर ओढायचंही राहिलं.

मेहुण्याचं दुकान पुलापलीकडे. चार वर्षांपूर्वी त्याने वेगळं टाकलं तेव्हा मिस्त्रीने पाठीवर हात ठेवला होता, पण तो जरा जोरातच पडला होता. त्यानंतर बोलणं म्हणजे कामापुरतं. मेहुणा एका मोटारसायकलीखाली आडवा होता. मिस्त्रीचे बूट दिसले तसा तो बाहेर सरकला. मिस्त्रीने गॅस्केट त्याच्या छातीवर टाकली.

"ही तुझी ना?"

मेहुण्याने ती उचलली, बोटांत फिरवली. खोटं बोलायला लागणारा वेळ त्याने घेतला, पण बोलला नाही. स्टूल पुढे ओढलं. मिस्त्री बसला नाही.

"भाऊजी, तुम्ही एकदा डोळे मिटा," मेहुणा म्हणाला.

"नाटकं नकोत."

"मिटा हो. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

मिस्त्रीने मिटले. मेहुण्याने त्याच्या नाकासमोर काहीतरी धरलं, मग ते काढून दुसरं धरलं. विचारलं, पेट्रोल कशाला आहे, पहिल्याला की दुसऱ्याला? मिस्त्रीने श्वास ओढला. परत ओढला. त्याला फडक्याचा गारवा लागत होता. बाहेर रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो म्हणाला, पहिल्याला. मग त्याने डोळे उघडले. दोन्ही फडक्यांतून पेट्रोल निथळत होतं.

पुढचं मेहुण्याने सांगितलं ते बहुतेक जमिनीकडे बघून सांगितलं. अडीच वर्षांपूर्वी मिस्त्रीला मोठा ताप आला होता, पंधरा दिवस अंथरुणात. त्यातून उठला तो नाक गमावूनच. ताईला आधी कळलं. मिस्त्री शेगडीशेजारी पेपर वाचत बसला होता आणि दूध उतू जाऊन भांडं करपून खोलीभर धूर झाला तरी याचं पान उलटणं चालूच. मग भाजी बेचव लागते म्हणून त्याची रोजची कटकट सुरू झाली. मग गाड्या. बोच येत नाही म्हणून हा स्क्रू उघडत जायचा, मोठे जेट घालायचा. पहिल्या दोन गाड्या धूर ओकत परत आल्या. तिसरीपासून ताई पोचवायला निघायची ती आधी पुलापलीकडे यायची. मेहुणा नीट करून द्यायचा, ती थेंब लावायची आणि गाडी पुढे जायची.

मिस्त्रीने विचारलं, किती गाड्या? मेहुणा म्हणाला, सगळ्या.

"बागवाल्याला माहीत आहे?"

"त्याला, दूधवाल्याला, खाणीवरच्या सुपरवायझरला. ताईने प्रत्येकाला जाऊन सांगितलं होतं. गाडी त्यांच्याकडेच द्या, बाकीचं मी बघते. आजारी पडली तेव्हाही बागवाल्याकडून शब्द घेतला तिने. मलाही सांगितलं होतं, पण ती पोचवत होती म्हणून जमत होतं. आता तुम्हीच पोचवता. मी मध्ये कुठून येऊ?"

मिस्त्री अखेर स्टुलावर बसला. अडीच वर्षं लोक गाडी घेऊन जाताना म्हणायचे, मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही. तो मान हलवायचा. संध्याकाळी जेवताना तेच तिला सांगायचा, अमका असं म्हणाला, तमका तसं म्हणाला. ती ऐकायची आणि वाढत राहायची. दुकान बंद करायच्या वेळी ती रोज खाली यायची, एक फेरी मारायची, टाक्यांच्या नळांना हात लावायची. त्याला वाटायचं, करमत नाही म्हणून येते. एकदा त्याने तिला तसं चिडवलंही होतं. ती म्हणाली होती, हो ना, तुझ्याशिवाय करमत नाही. ती पेट्रोल गळतंय का ते हुंगायला यायची.

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं, सांग. ती म्हणाली, नाक गेलं हे कळलं तर तो दुकान बंद करेल आणि खुर्चीत बसून राहील."

"मग वेगळं काय केलं?" मिस्त्री म्हणाला. "खुर्चीतच बसवलं ना. रडणाऱ्या पोराला खुळखुळा देतात तसा हातात पाना दिला."

मेहुण्याने फडकी बादलीत टाकली. मिस्त्रीला अजून एक विचारायचं होतं आणि उत्तर नको होतं. तरी त्याने विचारलं.

"हसायचात का तुम्ही दोघं?"

मेहुण्याने बादली पायाने कोपऱ्यात सरकवली. "एकदा," तो म्हणाला. "तुम्ही दिलेला बेडूक पुलाच्या मधोमध बंद पडला. ताई ढकलत आली. मध्ये सुरू करायला गेली असेल, तोंडभर काजळी. फक्त डोळे आणि दात. त्या दिवशी हसलो. पोट धरून हसलो. खोटं कशाला सांगू."

मिस्त्रीला ती दिसली. अगदी तशीच दिसली, कमरेला ओढणी, काळं तोंड आणि दात. त्या दिवशी घरी आली तेव्हा तोंड धुऊन आली असणार. एवढं मोठं हसू त्याच्या घरातून निघून पुलापलीकडे जाऊन हसलं गेलं आणि त्याला त्याचा कणसुद्धा मिळाला नाही. ती गेली हे त्याला चार महिने कळत होतं. ती असतानाही थोडी इथे नव्हती, हे आज कळलं. भांडायचं म्हटलं तर भांडणार कोणाशी?

मेहुणा म्हणाला, लाल गाडी आणून टाका, दुपारपर्यंत करून देतो. कोणाला कळणार नाही.

"तेच तर चाललंय अडीच वर्षं," मिस्त्री म्हणाला आणि उठला. दारापर्यंत गेला, मग मागे न बघता विचारलं, "चांगल्या प्लगचा रंग कसा दिसतो?"

"बिस्किटासारखा. चहाच्या बिस्किटासारखा. पण नवा प्लग घाला, चढावर पूर्ण रेस द्या, आणि तिथेच इंजिन बंद करून मग बघा. खाली आणून बघाल तर फसाल." आणि थोडं थांबून, "मी येऊ का?"

मिस्त्रीने नको म्हणून हात हलवला.

दुकान उघडंच होतं. नवी गॅस्केट घालून त्याने निळा होता तसा जोडून टाकला. मग लाल बेडकातला एकशे पंचवीसचा जेट काढला आणि डब्यातला एकशे अठराचा घातला. क्लिप एक खाच वर घेतली. गॅस्केटला ग्रीस लावली नाही, तेवढं नाही. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला, मोजून. मग दुकानामागच्या चढावर गाडी पिळली, वर इंजिन बंद केलं, आणि तापलेला प्लग काढताना अंगठा भाजून घेतला. काळा होता, पण ओला नव्हता. परत खाली, स्क्रू पाव फेरा आत, दुसरा प्लग, परत वर. चार वेळा गेला. ज्या कामाची त्याने नऊ वर्षं टिंगल केली तेच काम तो शाळकरी पोरासारखा करत होता आणि शिकवणारा समोर नव्हता. चौथ्या वेळी प्लगचं टोक तांबूस झालं होतं. बिस्किट म्हणवेल का? त्याला ठरवता येईना.

दुपारी तो दोन्ही बेडूक एकामागोमाग टेकडीवर घेऊन गेला. निळा आधी ठेवला, खाली चालत येऊन लाल नेला. बागवाला व्हरांड्यात क्रेट रचत होता. त्याने नेहमीप्रमाणे तोंडभर हसून म्हटलं, वा, झाली वाटतं. तुमच्या हाताला...

"थांबा," मिस्त्री म्हणाला. "मला वास येत नाही. अडीच वर्षं झाली."

बागवाल्याच्या हातातला क्रेट तसाच राहिला. मग तो हळूच म्हणाला, ठाऊक आहे.

"तुम्हाला ठाऊक आहे तेही मला आता ठाऊक आहे. तरी सांगतोय, कारण मी अजून कोणाला सांगितलं नव्हतं. निळी गाडी माझी नाही, ती मेहुण्याची. त्याला कळवा चांगली चालते म्हणून. ही लाल माझी आहे. एक चक्कर मारून या, आणि वास मारतो का ते सांगा. गोड बोलाल तर तुमची गाडी पुन्हा दुकानात घेणार नाही."

बागवाल्याने क्रेट खाली ठेवला. वहिनींनी चांगल्यासाठीच केलं, एवढं तो पुटपुटला. मिस्त्री म्हणाला, ते मला तिच्याकडून ऐकायचं होतं, तुमच्याकडून नाही. आणि चावी पुढे धरली.

बागवाला गेला. झाडांच्या ओळींमधून इंजिनाचा आवाज वर चढत गेला, कुठे गुदमरला नाही, वळला, खाली आला. मिस्त्री पायरीवर बसून भाजलेला अंगठा चोखत होता. बागवाल्याने गाडी त्याच्यासमोर उभी केली, बंद केली नाही. उतरला, मागे गेला, वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. वर आला तेव्हा चेहरा लाल झाला होता, आणि पहिल्यांदाच त्याने मिस्त्रीच्या डोळ्यांत बघितलं.

"चढाला छान ओढते," तो म्हणाला. "पण वास येतो अजून. थोडा."

"थोडा म्हणजे किती? नाकाला बोचतो का?"

"बोचतो. जरासाच."

मिस्त्रीने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, गाडीशेजारी गुडघा टेकला आणि त्याला म्हणाला, तिथेच उभे राहा, बोचायचं थांबलं की सांगा.